पिंजऱ्यांचे वचन आणि ब्रुसेल्सचे वेळापत्रक

३० जून २०२१ रोजी युरोपीय आयोगाने युरोपच्या नागरिकांना एक वचन दिले. शेतीतील प्राण्यांना पिंजऱ्यात कोंडून ठेवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करणारा कायदा २०२३ अखेरपर्यंत प्रस्तावित केला जाईल, असे ते वचन होते. त्यामागे जवळपास १४ लाख नागरिकांच्या पडताळलेल्या सह्या होत्या. त्याच महिन्यात युरोपीय संसदेने ५५८ विरुद्ध ३७ अशा मताधिक्याने या मागणीला पाठिंबा दिला होता. लोकशाहीत एखाद्या मागणीला याहून स्पष्ट कौल क्वचितच मिळतो. तरीही ७ डिसेंबर २०२३ रोजी आयोगाने प्राणिकल्याणाचे प्रस्ताव मांडले, तेव्हा त्यांत जनावरांच्या वाहतुकीचा आणि कुत्र्या-मांजरांच्या पैदाशीचा मसुदा होता, पिंजऱ्यांचा नव्हता. मोहिमेचे आयोजक २०२४ साली आयोगाविरुद्ध न्यायालयाची पायरी चढले.

या अडीच वर्षांत काय घडले, याची उत्तरे सर्वपरिचित आहेत. युक्रेनचे युद्ध, धान्याची आणि विजेची महागाई, जवळ येणारी २०२४ ची निवडणूक, नेदरलँड्सपासून इतरत्र पसरत गेलेला शेतकऱ्यांचा असंतोष. ही सारी कारणे खरी आहेत. मात्र त्यांच्या खाली आणखी एक प्रवाह अनेक वर्षे शांतपणे वाहत आला आहे. कोंबड्यांच्या जाती घडवणाऱ्या, अंडी उबवणाऱ्या आणि एका दिवसाची पिल्ले जगभर पाठवणाऱ्या उद्योगाचा तो प्रवाह आहे. या उद्योगाचे नाव ग्राहकाला ठाऊक नसते, त्याचे मोर्चे निघत नाहीत आणि त्याला कायदा रोखून धरण्याचीही गरज नसते. कायद्यातील एखादा आकडा बदलला किंवा एखादी तारीख पुढे गेली, तरी त्याचे काम भागते.

पिरॅमिडचे टोक

आधुनिक कुक्कुटपालनाची रचना पिरॅमिडसारखी आहे. तळाशी हजारो शेतकरी. त्यांच्या वर हॅचऱ्या. त्यांच्या वर मातापित्यांची पिढी, आजी-आजोबांची पिढी आणि अगदी टोकाला शुद्ध मूळ वाण सांभाळणाऱ्या मोजक्या पैदास कंपन्या. जगातील व्यावसायिक ब्रॉयलरची पैदास मुख्यतः दोन नावांभोवती फिरते. एक ‘एव्हियाजेन’, जी जर्मनीतील ‘ईडब्ल्यू ग्रुप’ची कंपनी आहे, दुसरी ‘कॉब’, जी अमेरिकेतील ‘टायसन’च्या मालकीची आहे. अंड्यांसाठीच्या लेअर कोंबड्यांतही चित्र फारसे निराळे नाही. ‘लोमान’ आणि ‘हाय-लाइन’ ही दोन्ही नावे त्याच ईडब्ल्यू समूहात आहेत, आणि त्यांचा मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे नेदरलँड्समधील ‘हेंड्रिक्स जेनेटिक्स’.

टोकावर घेतलेला निर्णय काही वर्षांत तळापर्यंत पोहोचतो. कोंबडीने दिवसाला किती ग्रॅम वाढावे, तिच्या छातीला किती मांस असावे, तिने वर्षाला किती अंडी द्यावीत, हे सारे तेथे ठरते. असे असूनही कायदा या टोकाकडे फारसा पाहत नाही. पैदाशीच्या जनावरांविषयीचा युरोपीय संघाचा २०१६ चा नियम गायी-म्हशी, डुकरे, मेंढ्या, शेळ्या आणि घोडे यांना लागू होतो, कोंबडीला नाही. १९९८ च्या निर्देशात एक महत्त्वाचे वाक्य आहे खरे: ज्या प्राण्याला त्याच्या जनुकीय घडणीमुळे आरोग्याची किंवा कल्याणाची हानी न होता पाळता येणार नाही, तो शेतीसाठी पाळू नये, असा त्याचा आशय आहे. पण ही जबाबदारी पाळणाऱ्यावर पडते, घडवणाऱ्यावर नाही. याच आशयाच्या ब्रिटिश नियमाचा आधार घेऊन वेगाने वाढणाऱ्या ब्रॉयलरविरुद्ध इंग्लंडमध्ये जो दावा दाखल झाला, तो उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि अपील न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला.

कायद्याची ही रिकामी जागा उद्योगाने स्वतःच भरून काढली. युरोपातील पैदासकारांची संघटना ‘एफॅब’ हिने जबाबदार पैदाशीची एक ऐच्छिक आचारसंहिता तयार केली आणि कंपन्यांना तिच्या प्रमाणपत्राखाली आणले. अशी संहिता निरर्थक असते असे नाही. पायांचे विकार आणि मृत्युदर या निकषांना पैदाशीत स्थान मिळाले आहे. परंतु तिचा एक राजकीय उपयोगही असतो. धोरणकर्त्याने कायद्याचा विषय काढला की, ‘हे आम्ही आधीच करत आहोत’ हे उत्तर तयार असते.

कोणत्या दारातून

ब्रुसेल्समधील लॉबिंग म्हटले की बंद दाराआडचे व्यवहार डोळ्यांपुढे येतात. २०२२ च्या अखेरीस उघड झालेल्या कतार प्रकरणाने ती प्रतिमा पक्की केली. कुक्कुट उद्योगाचे काम त्या धर्तीचे नाही. ते बहुतांशी उघड्यावर आणि नियमांच्या चौकटीत चालते. त्याच्या संघटना पारदर्शकता नोंदवहीत नोंदलेल्या आहेत. आयुक्त आणि वरिष्ठ अधिकारी यांना अशा प्रतिनिधींसोबतच्या बैठका २०१४ च्या अखेरीपासून जाहीर कराव्या लागतात. कतार प्रकरणानंतर संसद सदस्यांवरही तसे बंधन आले.

प्रत्येक कडीसाठी स्वतंत्र संघटना आहे. कोंबडीचे मांस प्रक्रिया करून विकणाऱ्यांची ‘एव्हेक’, उबवणुकीची अंडी व जिवंत पिल्ले यांच्या व्यापाऱ्यांची ‘एल्फा’, पैदासकारांची ‘एफॅब’ आणि या सर्वांहून मोठी, शेतकरी व सहकारी संस्थांची ‘कोपा-कोजेका’. आयोगाच्या सल्लागार गटांत आणि २०१७ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंचावर उद्योगाचे प्रतिनिधी बसतात. प्राणिहक्क संघटनांचेही बसतात. खुर्च्यांची संख्या मोजली तर तराजू फारसा झुकलेला दिसणार नाही.

तो झुकतो माहितीच्या पारड्यात. एका हॅचरीत दिवसाला किती पिल्ले बाहेर पडतात, ट्रकमध्ये तापमान किती राहते, एखादे यंत्र बसवायला किती खर्च येतो, या प्रश्नांची उत्तरे प्रामुख्याने उद्योगाकडेच असतात. आयोगाला प्रत्येक प्रस्तावासोबत आर्थिक परिणामांचे मूल्यमापन जोडावे लागते आणि त्यातील बरेचसे आकडे ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्याकडूनच मिळवावे लागतात. कोंबडीला होणाऱ्या वेदनेचा ताळेबंद कोणी ठेवत नाही. एका शेडचा ठेवला जातो.

तीन आकड्यांची गोष्ट

हा प्रभाव कसा काम करतो, हे समजून घेण्यासाठी तीन आकडे पुरेसे आहेत.

पहिला आकडा ७२ तासांचा. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला साठा असतो आणि त्यावर ते काही काळ जगू शकते. या शरीरशास्त्रीय वस्तुस्थितीवर युरोपचा सध्याचा वाहतूक नियम उभा आहे. जन्मापासून ७२ तासांच्या आत संपणाऱ्या आणि २४ तासांपेक्षा कमी चालणाऱ्या प्रवासात पिल्लांना दाणा-पाणी देण्याचे बंधन नाही. पैदाशीच्या पिल्लांचा दूरवरचा व्यापार याच सवलतीवर चालतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे ‘एफ्सा’ने, २०२२ च्या अहवालात पिल्लांऐवजी फलित अंड्यांची वाहतूक करावी, अशी शिफारस केली. बलकाचा साठा निसर्गानेच दिलेला आहे, असे हॅचरी उद्योगाचे उत्तर आहे. ते चूक नाही. मात्र पिल्लू तग धरू शकते आणि पिल्लू सुस्थितीत असते, या दोन विधानांत अंतर आहे, आणि त्या अंतरात एक संपूर्ण निर्यात व्यवसाय सामावलेला आहे.

दुसरा आकडा तेराव्या दिवसाचा. लेअर जातीची नर पिल्ले अंडी देत नाहीत आणि मांसासाठी परवडतील इतकी वाढत नाहीत. म्हणून युरोपीय संघात दरवर्षी सुमारे तीस कोटी किंवा त्याहून अधिक नर पिल्ले जन्मताच मारली जातात. २००९ चा युरोपीय नियम ७२ तासांपर्यंतच्या पिल्लांना यंत्रात चिरडण्याची पद्धत आजही वैध मानतो. जर्मनीतील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जून २०१९ मध्ये म्हटले की केवळ आर्थिक हित हे या हत्येचे पुरेसे कारण ठरू शकत नाही. मात्र पर्याय उपलब्ध होईपर्यंत ती तात्पुरती चालू ठेवायला त्याने मुभा दिली. पुढे कायदा झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून जर्मनीत ही प्रथा बंद झाली. अंड्यातच लिंग ओळखून नर भ्रूण बाजूला काढणे, हा त्यावरचा मुख्य पर्याय. मूळ कायद्यानुसार २०२४ पासून उबवणीच्या सहाव्या दिवसानंतर भ्रूणही मारता येणार नव्हता. इतक्या लवकर लिंग ओळखणारे यंत्र मोठ्या प्रमाणावर वापरता येत नाही, असे उद्योगाने सतत सांगितले. दरम्यान सरकारनेच करवून घेतलेल्या संशोधनात तेराव्या दिवसापूर्वी भ्रूणाला वेदना जाणवत असल्याचे आढळले नाही, आणि २०२३ मध्ये संसदेने मर्यादा तेराव्या दिवसावर नेली.

या निर्णयाला उद्योगापुढची शरणागती म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यामागे शास्त्रीय आधार होता. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रकाशाच्या साहाय्याने भ्रूणाच्या पिसांचा रंग पाहून लिंग ओळखणारे जे यंत्र प्रचलित झाले, ते ईडब्ल्यू समूहातीलच एका कंपनीचे आहे आणि ते तपकिरी कोंबड्यांच्या अंड्यांवर चालते. फ्रान्सने २०२२ च्या अखेरीपासून बंदी लागू केली, तेव्हा पांढऱ्या कोंबड्यांच्या नर पिल्लांना सवलत मिळाली. कायदा कोठवर जाईल, हे यंत्र कोठवर पोहोचते यावर ठरू लागले. आणि जाती विकणारा समूहच यंत्रही विकू लागला.

तिसरा आकडा ५० ग्रॅमचा. एफ्साने फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रॉयलरविषयी दिलेल्या मतानुसार कोंबडीची दैनंदिन वाढ ५० ग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि एका चौरस मीटरमध्ये ११ किलोंपेक्षा अधिक वजनाचे पक्षी नसावेत. सध्याचा कायदा अटींसह ४२ किलोंपर्यंत परवानगी देतो. त्याच मतात ब्रॉयलरच्या मातापित्यांच्या पिढीचा प्रश्नही मांडलेला आहे. वेगाने वाढण्याचे गुण असलेले हे पक्षी प्रजननासाठी धडधाकट राहावेत म्हणून त्यांना मोजून-मापून, कमी खाद्य दिले जाते. ते सतत भुकेले असतात. ५० ग्रॅमची शिफारस कायद्यात आली, तर शेतकऱ्याच्या शेडबरोबर पैदास कंपनीच्या मुख्य उत्पादनाचाही प्रश्न उभा राहील. एव्हेकने या मतावर कडाडून टीका केली, यात नवल नाही.

उद्योगाचे म्हणणे

उद्योगाची बाजू खोडून काढण्यापूर्वी ती नीट ऐकली पाहिजे. एव्हेकसाठी २०२४ मध्ये तयार झालेल्या एका अभ्यासानुसार, संथ वाढीच्या कोंबड्या आणि मोकळी जागा यांचा आग्रह धरणारी ‘युरोपियन चिकन कमिटमेंट’ सर्वत्र लागू केल्यास मांसाचा उत्पादनखर्च किलोमागे ३७.५ टक्क्यांनी आणि हरितवायूंचे उत्सर्जन २४.४ टक्क्यांनी वाढेल. आजच्याइतकेच उत्पादन टिकवायचे तर हजारो नव्या शेडही बांधाव्या लागतील. हे आकडे उद्योगाने मागवलेले आहेत, म्हणून खोटे ठरत नाहीत. संथ वाढणारा पक्षी अधिक दाणा खातो, हे साधे गणित आहे. मात्र या गणितात खप कायम राहणार हे गृहीत आहे आणि पक्ष्याचे दुःख कोठेच नाही.

दुसरा मुद्दा आयातीचा. डिसेंबर २०२४ मध्ये ‘मर्कोसुर’ देशांशी झालेल्या राजकीय सहमतीत टप्प्याटप्प्याने १ लाख ८० हजार टन कुक्कुट मांसाला करमुक्त प्रवेश देण्याची तरतूद आहे. युरोपच्या शेतकऱ्याने पिंजरे मोडायचे आणि दुकानात पिंजऱ्यातलाच माल बाहेरून यायचा, तर प्राण्यांचे कल्याण साधत नाही, फक्त त्यांचा पत्ता बदलतो. हा युक्तिवाद प्राणिहक्क संघटनांनाही मान्य आहे; आयात मालाला समान निकष लावा, अशी मागणी दोन्ही बाजू करतात. फरक असा की एका बाजूला तो कायद्याचा पूरक भाग वाटतो आणि दुसऱ्या बाजूला कायदा लांबवण्याचे कारण.

तिसरा मुद्दा शेतकऱ्याच्या कर्जाचा, आणि तो सर्वांत खरा आहे. लहान, उघड्या पिंजऱ्यांवर बंदी घालणारा निर्देश १९९९ साली झाला आणि १ जानेवारी २०१२ पासून लागू झाला. बारा वर्षांची मुदत मिळूनही त्या दिवशी १३ देशांची तयारी अपुरी होती. ज्यांनी नियम पाळला त्यांतल्या अनेकांनी कर्ज काढून थोडे मोठे, ‘सुधारित’ पिंजरे घेतले, कारण त्या निर्देशातील तडजोडीने तेवढी मुभा ठेवली होती. आता तेच पिंजरे मोडायला सांगितले जात आहे. आज केलेली तडजोड दहा वर्षांनी गुंतवणूक बनते आणि मग तीच पुढच्या सुधारणेच्या वाटेतला धोंडा ठरते. कर्ज शेतकऱ्याच्या नावावर असते. त्याच्या नावाने बोलणाऱ्या साखळीतील वरच्या कड्यांवर मात त्या कर्जाचा भार नसतो.

एकसंध नसलेली लॉबी

या उद्योगाला एकच आवाज आहे असे समजणेही चुकीचे होईल. जर्मनीत नर पिल्लांच्या हत्येवर बंदी आल्यावर तेथील काही हॅचऱ्या बंद पडल्या आणि शेजारच्या देशांतून पिल्ले येऊ लागली. परिणामी जर्मन कुक्कुट उद्योगाची मध्यवर्ती संघटनाच सर्व युरोपला लागू होणाऱ्या बंदीची मागणी करू लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनी आणि फ्रान्स यांनी अन्य काही देशांच्या पाठिंब्याने कृषिमंत्र्यांच्या परिषदेत तीच मागणी मांडली. इटलीनेही २०२६ च्या अखेरीपासून बंदीचा कायदा केला आहे. ज्याच्यावर नियम आधी येतो, तो शेजाऱ्यावरही नियम यावा म्हणून प्रयत्न करतो. ब्रुसेल्समधील अनेक सुधारणा अशाच, एखाद्या देशाने आधी उचललेल्या पावलामुळे शक्य झालेल्या आहेत.

बर्ड फ्लूच्या लसीवरही असेच मतभेद दिसले. २०२१-२२ च्या साथीत युरोपात जवळपास पाच कोटी पक्षी मारावे लागले. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांचे लसीकरण सुरू केले, तेव्हा अमेरिकेने फ्रेंच कुक्कुट मालावर निर्बंध आणले. ज्या शेतकऱ्याचा कळप धोक्यात आहे त्याला लस हवी असते; ज्याचा व्यवसाय निर्यातीच्या प्रमाणपत्रावर चालतो त्याला लसीची धास्ती वाटते.

दूरचे पडसाद

ही चर्चा युरोपापुरती नाही. पुण्यात मुख्यालय असलेला व्यंकटेश्वरा हॅचरीज समूह भारतातील कुक्कुट उद्योगातले मोठे नाव. ब्रिटनमधील मराठी वाचकांना तो ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचा मालक म्हणूनही ठाऊक आहे. त्याचा ‘व्हेनकॉब’ हा ब्रॉयलर कॉबच्याच वाणावर आधारलेला आहे. महाराष्ट्रातील एखाद्या शेडमध्ये वाढणारा पक्षी आणि युरोपातील शेडमधला पक्षी यांची वंशावळ अशा रीतीने एकाच टोकाकडे जाते. त्या टोकावर संथ वाढीच्या वाणांची मागणी वाढली, तर कंपन्यांचे संशोधन कोठे वळेल, याचे उत्तर युरोपबाहेरच्या शेतकऱ्यांनाही लागू होईल.

पुढे काय पाहावे

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये शेतीच्या भवितव्यावरील धोरणात्मक संवादाने आपला अहवाल दिला. शेतकरी, उद्योग आणि नागरी संघटना एकत्र बसून तयार झालेल्या त्या अहवालात प्राणिकल्याणाचे कायदे २०२६ पर्यंत सुधारावेत, असे म्हटले आहे. नव्या आयोगात प्राणिकल्याण हा शब्द प्रथमच एका आयुक्ताच्या पदनामात आला. ते पद ऑलिव्हेर वारहेई यांच्याकडे आहे. २०२५ मध्ये पिंजरे आणि नर पिल्ले या दोन्ही विषयांवर लोकांची मते मागवण्यात आली आणि प्रस्तावासाठी २०२६ ची अखेर सूचित करण्यात आली.

प्रस्ताव येईल तेव्हा मथळ्यात ‘पिंजरामुक्ती’ हा शब्द असेल. मथळ्यावर समाधान मानणे सोपे आहे. खरा मजकूर परिशिष्टांत असतो. संक्रमणाची मुदत किती वर्षांची आहे? ‘पिंजरा’ या शब्दाची व्याख्या काय? नर पिल्लांच्या बंदीत पांढऱ्या कोंबड्यांना किंवा प्राणिसंग्रहालयांच्या खाद्याला सवलत आहे काय? वाढीच्या वेगाचा उल्लेख कायद्यात आहे, की तो आचारसंहितेवर सोपवला आहे? आयात मालाला तेच निकष कोणत्या दिवसापासून लागू होतील? शेतकऱ्याच्या संक्रमणाचा खर्च कोण उचलणार आणि त्यात पैदास कंपन्यांचा वाटा असेल काय?

यांतील शेवटचा प्रश्न सहसा विचारला जात नाही, आणि उद्योगाच्या प्रभावाचे मोजमाप कोठे करायचे असेल तर ते येथेच करावे लागेल. १४ लाख सह्यांनी एक विषय पटलावर आणला. त्या विषयाच्या तारखा आणि आकडे कोण लिहितो, यावर त्या सह्यांचे मोल ठरेल.